लाभार्थीची सही

प्राची,

कुकरात वरण-भात आहे, गरम करून खाजो. मी कुम्हारीले कांताआत्याकडे चालली, संध्याकाळच्या बसनं येतो.

तुह्या सेवा क्लबचा फोटो शाळेच्या ग्रुपवर पाहिला. खाली लिहून आहे, "गरीब महिला को कंबल दिया गया". मी टायफाइडनं पडली होती तवा याच गरीब महिलेनं तुले चार महिने सांभाळलं. मैत्रिणींसमोर तू तिले आत्यासुद्धा म्हटलं नाही. फोटोत तू कॅमेऱ्याकडे पाहून राहिली अन् आत्या तुह्याकडे.

सकाळी तिचा फोन आला. भाची मैत्रिणी घेऊन घरी आली म्हणून तिनं आठ कप चहा मांडला होता. तुम्ही फोटो काढून निघाल्या, तो चहा तिनं शेजारी वाटला. वरून मलेच म्हणते, "वहिनी, पोरीले रागावू नको, घाईत असन."

तुह्या सेवेच्या फॉर्मवर लाभार्थीच्या सहीची जागा तू कोरी ठेवली आहे. फॉर्म मी सोबत नेऊन राहिली. आत्याले सही येते. सहीच्या बाजूले नातं मी लिहीन. उद्या मॅडमले नेऊन देजो.

आई