कुशीवर वळून उठणं

बालाजी घाट, वाराणसी
१४ डिसेंबर १९९६

तीर्थरूप आईस,
वैदेहीचा नमस्कार. तुझा नातू मजेत आहे, पोटभर पितो, आता मानही धरतो. काळजी करू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

इथून पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस.

तू पाठवलेलं जुनं पातळ मी पोटाला बांधत होते. पोट आत जाईना, म्हणून रोज जास्तच आवळत गेले. गल्लीतल्या शुक्लाइनबाई विचारतात, "दूसरा भी आ रहा है क्या?" मी हसून पुढे जाते.

शेवटी दवाखान्यात दाखवलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आडवं करून डोकं उचलायला सांगितलं, तर पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला. बाळंतपणात स्नायू दोन बाजूंना सरकलेत म्हणे. नुसतं आवळून ते जवळ येत नाहीत. श्वास सोडत पोट हळूहळू आत घ्यायचं, ओझं उचलायचं नाही. वेळ लागेल, म्हणाल्या. पूर्ण जवळ येतील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पाण्याच्या बादल्या आता हे वर आणतात. सासूबाई ते बघतात आणि आत निघून जातात. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून, हात टेकून उठायचं, हेही बाईंनी शिकवलं. तेव्हा तू आठवलीस. तू कायम तशीच उठतेस, आणि खोकताना पोट हाताने धरतेस. मला ती तुझी सवय वाटायची.

आई, तुझं पोट कुणी कधी पाहिलं होतं का?

तुझी,
वैदेही