फिल्टरचा रिकामा डबा

मंगळवार, दिवेलागण

आमची उंच करून घेतलेली जुनी पिकअप आज जांभ्याचे चिरे भरून घाटी सहज चढली. "स्वस्तात ताकद वाढली," म्हणत बाबा खूश. पण केलं काय? मी विचारलं तर मेकॅनिककाका हसले, "अगो बाय, तिचं नाक मोकळं केलं, बाकी काय नाय!"

पटलं नाही. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर रिकामा. आत बोट फिरवलं, ते तांबडं झालं. चिरेखाणीची धूळ थेट इंजिनात! इंजिन गेलं तर खायचं काय? काकांनीच फिल्टर ढापला, असं मी ठरवूनही टाकलं. मग तो सीटमागे सापडला, बाबांच्या पंच्यात नीट गुंडाळलेला. म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं.

फिल्टर झटकायला मला बाबांनीच शिकवलं ना?

झटकून परत बसवला. उद्या घाटीत गाडी धापा टाकेल, तेव्हा बाबा माझ्याकडे बघतील. बोट अजून तांबडंच आहे.