काचेच्या पेटीतली देवी

कोयनानगर, १९ नोव्हेंबर १९७३

आज नव्या शाळेत रुजू झालो. विज्ञान शिकवायचं. रहिमतपूरहून निघताना आईला वाटत होतं, धरणावर पोरगं उपाशी मरणार. पण पहिल्याच दिवशी खोली मिळाली, जेवणही मिळालं. घरवाले नानासो वीस वर्षं आरमारात होते, आता इथं भांडारात आहेत. घराचे खरे मालक मात्र सहा मासे! समुद्रातले, पिवळे-निळे पट्टेवाले, चार फुटी काचेच्या पेटीत. त्यांच्यासाठी गुहागरचं पाणी डब्यांत भरून ट्रकनं घाट चढून येतं. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. नानासोंच्या बायकोनं, सुलाबाईंनी, आमटी-भात वाढला. मी दोनदा मागून घेतला.

२३ नोव्हेंबर

नानासो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, मासे मेले तरी चालतील, पण हिला जपा; एकुलती पोर देवीच्या रोगानं गेल्यापासून ही फार हळवी झालीय. मी शब्द दिला.

२५ नोव्हेंबर

माशांवर पांढरे ठिपके उठलेत, मिठाच्या कणांएवढे. कल्ले भराभर हलतात, अंग दगडावर घासतात. एक ठिपका खरवडून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत काहीतरी जिवंत, गोल गोल फिरत होतं. परजीवी. पाण्यात जरासा मोरचूद घातला की मरेल. पण सुलाबाई पेटीच्या आडव्या आल्या.

"आवं मास्तर, देवी आलीया ती. औषीद न्हाई चालत तिला. माज्या पोरीला पाजलं, तवाच ती गेली."

त्यांनी पेटीला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद केली. पेटीतलं पळीभर पाणी तीर्थ म्हणून स्वतः घेतलं, मग मला दिलं. मी विज्ञानाचा मास्तर. पण पुढं आलेलं तीर्थ नाकारायचं कसं? प्यायलो. खारट लागलं.

२८ नोव्हेंबर

ठिपके गळून पडले! मासे ठणठणीत. सुलाबाईंनी देवीची ओटी भरली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मी हरलो आणि खुशीनं हरलो. त्या अजून रोज सकाळी तीर्थ घेतात.

३ डिसेंबर

ठिपके परत आले. दसपट. गळले म्हणजे मेले नव्हते, खालच्या वाळूत वाढत होते. हे मला कळायला हवं होतं. दुपारपर्यंत चार मासे गेले. सुलाबाई बाजारात गेल्यावर मोरचूद घातला, पण उशीर झाला होता. उरलेले दोनही गेले. त्या रागावल्या नाहीत. भाकरी थापताना त्यांच्या मनगटावर पीठ लागलेलं दिसलं. हात धुतले तरी ते गेलं नाही.

४ डिसेंबर

त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, म्हणजे देवी नाही, कांजिण्याही नाहीत. मी सूक्ष्मदर्शकातलं सांगितलं, तर हसले. तेवढ्या वेळात सुलाबाई चौकटीला पाठ घासत होत्या. मोरचूद पाण्यात टाकता येतो, माणसाला पाजता येत नाही.

६ डिसेंबर

सुलाबाईंचे ठिपके गळले. अंग स्वच्छ. खुशीत आहेत. मला भीती वाटतेय. माशांवर परत यायला पाच दिवस लागले होते.

माझ्या मानेवर तीन ठिपके.

९ डिसेंबर

शाळेत गेलो नाही. हवा पुरत नाही. तोंड मिटत नाही. चौकटीला पाठ घासली की बरं वाटतं— लाज वाटते, पण—

पेटी फोडली. वाळू उन्हात टाकली. आणि आज कळलं, मोरचूद घालायच्या आधीच सुलाबाईंनी तीर्थाचा तांब्या भरून देवघरात ठेवलाय. मागितला. देत नाहीत. हिसकावायला हातात जोर नाही.

११ डिसेंबर

परत आले. सुलाबाईंचा सगळा चेहरा पांढरा. पापण्यासुद्धा. म्हणतात, लय गार वाटतंय.

माझा आवाज गेला. नुसता श्वास—

नानासो आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दिसत नाही. बायकोचा चेहरा त्यांना दिसलाच नाही. त्या तांब्या घेऊन समोर बसल्यात. म्हणतात, देवीचं तीर्थ हाय, डोळ्याला लावते.

बोलता येत नाही म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितोय. वही त्यांच्यापुढं धरतोय. नानासो, लावू नका. नानासो, वाचा—

ते वहीवरून हात फिरवताहेत. काय आहे मास्तर, विचारताहेत.

सुलाबाई पट्टी सोडताहेत. नानासो, ला