मूळ अबाधित

३ फेब्रुवारी, चुडावा
पुतणी अबोलीकडे सुखरूप पोहोचलो. स्टेशनाजवळच्या तिच्या घरात माडीवरची खोली हाच तिचा स्टुडिओ. भिंतींना आणि दाराला गोधड्या टांगल्या आहेत. गाडी निघून गेल्याखेरीज रेकॉर्डिंग होत नाही. महिनाअखेरीस नांदेडला माझ्या घशाची शस्त्रक्रिया आहे. नंतर आवाज उरेल याची हमी डॉक्टर देत नाहीत. म्हणून पोखर्णीच्या नृसिंहापुढे आजवर म्हणत आलो ते स्तोत्र आधी ध्वनिमुद्रित करायचे. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्याला आवाजाचा एवढा मोह कसा, असे अबोलीने विचारले. मी ते हसण्यावारी नेले. मन प्रसन्न आहे.

५ फेब्रुवारी
स्तोत्र रेकॉर्ड झाले. अबोलीने आपली रीत समजावली: मूळ ट्रॅकला हात लावायचा नाही, त्याची प्रत समांतर ठेवायची, आवाज भरदार करणारा कम्प्रेसर आणि घुमारा देणारा रिव्हर्ब त्या प्रतीवरच चढवायचे, मग दोन्ही एकत्र वाजवायचे. काकांच्या घशात पोखर्णीचा खडबडीत रस्ता उतरलाय, त्याला मागून जोड देते, असे ती हसत म्हणाली. मी सिद्धान्त मांडला: प्रतीत जे आहे ते मुळातूनच आलेले असणार, आणि प्रतीमुळे मुळात काही उणे होणार नाही. तिला तो पटला.

८ फेब्रुवारी
मूळ ट्रॅक पुन्हा ऐकला. क्षीण झाला आहे. अबोलीने आवाजाची पातळी ठरवणारे फेडर तपासले. कुठेही बदल नाही. प्रत मात्र भरदार, माझ्या तरुणपणच्या आवाजासारखी. बोलताना माझ्या शब्दांची टोके गळतात. हे आजाराने होत असेल. परंतु आजार घशाला झाला आहे, पाच तारखेच्या रेकॉर्डिंगला नाही.

११ फेब्रुवारी
शेजारच्या चतुराबाई अंगणात म्हणाल्या की गुर्जी, सकाळपासून लय खणखणीत म्हणायलाव, मग आपरेशन कशाला करता. सकाळपासून मी तोंड उघडलेले नाही. संगणकही बंद होता.

१३ फेब्रुवारी
प्रत एकटीच लावली. स्तोत्र संपते, एक श्वास, आणि माझा आवाज ‘अबोली’ म्हणतो. हे नाव मी माईकपुढे उच्चारलेले नाही. म्हणजे प्रतीत मुळात नसलेले— सिद्धान्ताचे पहिले विधानच—
अबोली घाबरली. तिने प्रत माझ्यासमोर पुसली.

१४ फेब्रुवारी
मूळ ट्रॅक पूर्ण मूक. मीही. हुंकारसुद्धा उमटत नाही. आजच नांदेड गाठू, असे म्हणून अबोली सामान बांधायला गेली.

दुपार
माडीवरून माझ्या आवाजात हाक आली. मी मागच्या अंगणात होतो. माझा आवाज परतला असे वाटून, आले काका, म्हणत ती वर गेली. मी पोहोचेपर्यंत दार लागले—

थापा मारतो आहे. गोधड्यांत विरतात. कान लावला की आतले ऐकू येते: माझा आवाज, माझ्याच संथ पद्धतीने, एकेक विधान मांडत तिला पटवतो आहे की मुळाची आता गरज नाही. ती हो म्हणते आहे.

हे पान दाराखालून सरकवतो. अबोली, मूळ बाहेर आहे. आत आहे तो—