वाळूवरचा माझा शिक्का

तीर्थस्वरूप रतिद्झो आत्यास, खाली बसून, टाळ्या वाजवून नमस्कार. तू सकाळी बरी उठली असशील तर मीही बरा उठलो असं समज. हरारेच्या थंडीत गुडघे काय म्हणतात?

मला गावचा मुखिया केलं तेव्हा तू बजावलं होतंस, भांडणं मिटव, शहाणपणा मिरवू नकोस. आत्या, मी मिरवला. ग्वातिझो नावाचा शहरी ठेकेदार ट्रॅक्टर घेऊन नदीत उतरला आणि वाळू उपसू लागला, तीही नेमकी बायका झिरे खणून पाणी भरतात तिथे. सेकेसाई म्हातारी धावत माझ्याकडे आली. आता शिवीगाळ, चुकार गुरं, नवराबायकोची कटकट एवढंच माझ्या झाडाखालच्या कोर्टात चालतं; जमीन, नदी, वाळू हे सरकारचं काम. मी फक्त जिल्ह्याला कळवायचं होतं. पण सगळं गाव जमलेलं, मी खुर्चीत (तीच, तू दिलेली), आणि ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणायला जीभ रेटेना. ठोठावला दंड, एक बोकड!

पठ्ठ्या हुज्जत न घालता बोकड घेऊन हजर (तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती) आणि म्हणाला, “मुखियासाहेब, तेवढा कागद द्या.” मी ऐटीत लिहिलं, ‘वाळूचा दंड भरला, प्रकरण मिटलं,’ आणि दाणकन शिक्का मारला. बोकड रिवाजाप्रमाणे कोर्टाने तिथेच खाल्ला. दुसऱ्या दिवशी एकाचे तीन ट्रॅक्टर झाले. कुणी हटकलं की तो माझाच कागद नाचवतो. झिरे आटलेत. सेकेसाई रिकामी बादली मुद्दाम माझ्या दारावरून नेते, बोलत काही नाही गं. शिवी दिली असती तर निदान ते प्रकरण माझ्या कोर्टात बसलं असतं! लाजेने मान वर होत नाही.

तुझा भाचा,
झ्विद्झाई

ता. क. बोकडाला मी हातसुद्धा लावला नाही.

ता. क. काळीज तेवढं खाल्लं.

ता. क. जिल्ह्याला अर्ज लिहून ठेवलाय, पण पाठवायचा धीर होत नाही. तुला राहायला बोलावलं होतं त्या नव्या खोलीच्या जमिनीत ग्वातिझोने ‘भेट’ दिलेली ट्रॉलीभर वाळू आहे. मुखियाला चारचौघांत फैलावर घ्यायचा हक्क आपल्यात आत्याचाच. शनिवारी ये, सेकेसाईला माझ्या खुर्चीत बसव आणि सगळ्यांदेखत मला झोड. मग अर्ज मी तिच्याच हाती देईन. आणि हो, येताना प्यायचं पाणी घेऊन ये.