वन्संच्या नावानं

४ फेब्रुवारी

वन्सं माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि फोनवर डॉक्टरीणबाई त्यांच्यावर नुसत्या बरसत होत्या. मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. “आईला जाऊन पंधरा दिवस झाले, आणि तुम्ही तिच्या फोनवर मेसेज करून तिलाच विचारताय — आजी, केस वाढले असतील, कधी येऊ? काही वाटतं का तुम्हाला?” वन्सं आपल्या “मी? अहो, मी नाही —” करताहेत. तिकडून फोन बंद.

“दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं,” वन्सं म्हणाल्या. “मी कशाला असं विचारीन? आजी गेल्या त्याच दिवशी कळलं मला. भेटून नाही का आले?”

मी चहा गाळत होते. गाळून झाला तरी गाळणं कपावर धरूनच उभी!

तो मेसेज माझा. माझ्या कामाच्या फोनवरून, खाली नाव वन्संचं. एकदाच लिहून ठेवलेला. दर पाच आठवड्यांनी आपोआप जातो, नाव तेवढं बदलतं. आजी गेल्याचं वन्संना ठाऊक होतं, मशीनला नव्हतं. आणि कोण आहे, कोण गेलं, हे मी वन्संना कधी विचारलं नाही. आज तिथंच सांगायला हवं होतं. मी विचारलं काय, तर — “साखर बरोबर आहे ना?”

५ फेब्रुवारी

झोप नाही. लिहूनच काढते.

माझा धंदाच हा. एकट्यानं काम करणाऱ्या माणसांना लोकांच्या नजरेत आणायचं. नळवाला, गाण्याची शिकवणी घेणाऱ्या बाई, सोफे शिवणारा — कामात एकेक हिरा, पण शेजारच्या गल्लीत कुणी ओळखत नाही. मी फोटो काढते, इंटरनेटवर पान करते, आलेलं गिऱ्हाईक टिकवते. यातलं टिकवणं सगळ्यात अवघड. माणसं विसरतात. म्हणून अधूनमधून आठवण द्यायची, प्रेमानं.

वन्संनी पार्लरमधली नोकरी सोडली आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे केस घरी जाऊन कापायला लागल्या. उशाखाली प्लास्टिक घालून, बादली खाली ठेवून, झोपल्या माणसाचं डोकं धुतात. गादीवर थेंब नाही. पण महिनाभरात घरं किती? दोन!

मी मागे लागले. त्या म्हणायच्या, “माझी कात्री बोलते, मी कशाला बोलू?” मी म्हटलं, “वन्सं, मुकी कात्री उपाशी मरते.” हसल्या. मग पान केलं, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांच्या आजारी म्हाताऱ्यांची अर्धी घरं वन्संकडे आली. मी कॉलर ताठ करून फिरले.

मेसेजचं मात्र सांगितलं नाही. “माझ्या तोंडून तू का बोलतेस?” म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलंच नाही. त्यांच्यासारखं लिहायला मी त्यांचं बोलणं ऐकून ठेवायची — “आजी, मान अवघडली नाही ना?” ती त्यांची खास विचारणूक. ती उचलली आणि सगळ्या गावाला वाटली.

७ फेब्रुवारी

दोन घरांनी नको म्हणून कळवलं. दोन्ही डॉक्टरीणबाईंकडून आलेली.

नवरा म्हणाला, “ताईला सांगून टाक ना. खाणार आहे का ती तुला?” त्याला काय होतंय सांगायला! त्याची बहीण आहे. माझी नणंद आहे. लग्न करून आले तेव्हा मला साधी घडी घालता येत नव्हती कपड्यांची. सासूबाईंपुढे या बाईनं माझ्या घड्या आपल्या म्हणून खपवल्या आणि माझ्या वाटची बोलणी खाल्ली.

आणि मी?

८ फेब्रुवारी

सांगणार होते. नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी

आणखी एक घर गेलं. वन्सं दुपारी घरी! असं कधी होत नाही. बसल्या बसल्या माझी कात्री काढून तिलाच तेल घातलं. म्हणाल्या, “उद्या परत पार्लरवालीच्या दारात जाऊ की काय गं? नाक मुठीत धरून?”

मी म्हटलं, “छे हो, काहीतरीच.” आवाज असा निघाला की माझा मलाच राग आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना — त्या नुसत्या “अगं” म्हणाल्या तरी मी उठून ओटा पुसायला लागते. मेसेज मात्र डॉक्टरीणबाईंचा फोन आला त्याच दिवशी बंद केले. तेवढी अक्कल आहे!

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस आयुष्यात नसता तर बरं.

वन्सं आल्या, पदराला हात पुसत. “तुला छान लिहिता येतं. डॉक्टरीणबाईंना माझ्याकडून माफीचे चार शब्द लिहून दे.”

“पण तुम्ही काही केलेलं नाही!” एवढं तरी सुटलं तोंडून.

“नसेना. त्यांना लागलंय ना? मग माफी मागून मी काय झिजणार आहे?”

हीच वेळ होती. सोन्याच्या ताटात वाढून आलेली. आणि मी — मी पेन घेतलं! माझ्या चुकीची माफी, त्यांच्या नावानं, माझ्या हातानं. तीही मन लावून. “आजींचं डोकं हातात घेतलं की मलाच शांत वाटायचं” हे वाक्य लिहिल्यावर तर वाटलं, जमलं! धंद्याची सवय. माझी मलाच किळस आली.

वन्संनी वाचलं, डोळे पुसले. “अगदी माझ्या मनातलं गं.” मग टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात सगळं उतरवून काढलं आणि दवाखान्यात देऊन आल्या.

१३ फेब्रुवारी

वन्संसाठी भाजी केली, त्यांच्या आवडीची. डबा पाठवला. लाच!

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन. त्या विरघळल्या. पत्र वाचून रडल्या म्हणे. उद्या वन्संना घरी बोलावलंय. त्या घरांनाही परत सांगते म्हणाल्या.

वन्संनी येऊन माझ्या गालावरून हात फिरवला. “तुझ्या लेखणीनं तारलं बाई मला.” गाल अजून भाजतोय. पण सुटले, हेही खरं. रविवारी सगळं सांगायचं. आता त्यांचं नुकसान नाही. माझी शोभा झाली तर होऊ दे.

१८ फेब्रुवारी

रविवारची वाट बघायला नको. वन्सं येऊन गेल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आजींचा फोन दाखवला. मेसेजखाली नाव वन्संचं, नंबर माझा; वन्संनी लगेच ओळखला. त्या मेसेजना आजी उत्तरं लिहायच्या. दर वेळी! ती माझ्याच टेबलावरच्या फोनमध्ये येत होती. नव्या गिऱ्हाइकाचं लिहिलेलं मी लगेच बघते. जुन्यांचा आवाज बंद करून ठेवलाय. पक्की झालेली माणसं — बघायचं काय त्यांच्याकडे!

वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, “शेवटच्या आठवड्यात रोज बोलावत होत्या गं मला. ‘डोकं धुऊन दे, बरं वाटतं,’ म्हणून. मी गेले असते ना. तेव्हा शेजारच्याच इमारतीत तर कामाला होते.”