दोन नंबरची आणि तीन नंबरची वायर

लातूर,
१२ जानेवारी २०१७

प्रिय जहांगीर,

अक्षर ओळखून पत्र फाडायच्या आधी एवढं तरी वाच, की तुझा वैजनाथ मिस्त्री अजून जिवंत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो आणि दिवसभर चिमटा घेऊन बसतो. तेवीस वर्षं आपण बोललो नाही. तुझ्या नांदेडच्या वजिराबादमधल्या बांगड्यांच्या दुकानाचा नंबर मिळवून तीनदा फोन केला. तू हॅलो म्हणालास की माझी दातखीळ बसायची. तू मात्र दर वेळी कोणत्या मापाच्या पाहिजेत म्हणून विचारलंस. म्हणून म्हटलं, लिहावंच.

आधी गॅरेजची खबर. गॅरेज गेलं. आताच्या गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर असतो, आपल्यासारख्यानं नुसतं बॉनेट उघडून नमस्कार करायचा. लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींचा पूर आलाय. शेड दिसली की क्लास, खोली दिसली की हॉस्टेल. तुझी वहिनी केवळा मेस चालवते. आणि जिथं तू अन् मी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवायचो तिथं अभ्यासिका आहे. चाळीस पोरं मुंडी खाली घालून बसतात. मी मालक, पण मलाच खोकायची चोरी. तू लाल ऑइलपेंटनं भिंतीवर लिहिलेलं १-३-४-२, प्लगच्या वायरी लावायचा क्रम, ते मात्र मी पुसू दिलं नाही. दर वर्षी कुणीतरी नवं पोरगं ते वायफायचा पासवर्ड समजून मोबाइलमध्ये टाकून बघतं.

हातोडी बंद झाली म्हणजे हात रिकामे. रिकामे हात मला खायला उठतात. मग बिनआवाजाचं काम शोधलं. गोलाईच्या बाजारातून एक खेळण्यातली गाडी आणली, वीतभर लांब, बॉनेट उघडणारी. आत बघतो तर इंजिनाच्या नावानं प्लास्टिकचा काळा ठोकळा. लई राग आला. बाहेरून एवढी नटायची आणि पोटात काहीच नाही, हे काय झालं? त्या दिवसापासून मी खेळण्यांना इंजिनं बसवतो. फोनच्या वायरीतली एकेक तार सुटी केली की प्लगची वायर होते. सायकलच्या ट्यूबची दोऱ्याएवढी चकती कापली की फॅनबेल्ट. एअर क्लीनरला वहिनीच्या ब्लाउजचं टिचबटण, रेडिएटरला चहाच्या गाळणीची जाळी. तीन गाळण्या कामी आल्या. केवळा म्हणते, या माणसाच्या राज्यात चहा चावून प्यावा लागतो. तेल बघायची काडीसुद्धा केली, टाचणीची. ओढली की बाहेर येते आणि टोकाला तेलाचा डाग दिसतो. एवढं कोण बघणार म्हणशील. मी बघतो ना.

आता बस, म्हणजे सांगतो. जूनपासून आमच्या मेसला एक पोरगी लागलीय. तिसऱ्या दिवशी मी दारात मोटरसायकल चालू केली, तर तिनं ताटावरून मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाली की काका, उजवीकडं काहीतरी ढिलं वाजून राहिलंय. ती मान आणि तो डोळा मी दहा वर्षं शेजारी बघितलेला. नाव विचारलं. कशिश. गाव नांदेड, अब्बांचं बांगड्यांचं दुकान. तुझी लेक सात महिने माझ्या घरची भाकरी खातेय, गड्या. तुला सांगू नको असं मीच तिला म्हणालो होतो, तिच्यावर रागावू नकोस. वहिनी तिला शेंगदाण्याची चटणी सगळ्यांपेक्षा जास्त वाढते. बाकीच्या पोरी कुरकुर करतात.

तिनंच एकदा हसत हसत सांगितलं, की अब्बा पंख्याचा स्क्रू पिळायलासुद्धा माणूस बोलावतात, माझ्या हाताला यश नाही म्हणतात. ती हसली, मला हसता आलं नाही. ज्या हातानं तू अख्ख्या मराठवाड्याची इंजिनं बोलती केलीस, तो हात!

औशात काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला लिहायला पाहिजे. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी भाकरी आणि चादरी भरून, गोलाईतल्या शेठची पेट्रोल जीप घेऊन आपण किल्लारीकडं निघालो. पावसानं वायरी भिजल्या आणि औशाच्या स्टँडवर जीप बंद पडली. तू चारही वायरी काढून पुसल्यास. घाईत दोन तू लावल्यास, दोन मी. जीप नुसती बार काढायला लागली, जागची हलेना. माल ट्रॅक्टरवर चढवून द्यावा लागला. लोक खवळले, वायरी कुणी चुकवल्या म्हणून. मी सगळ्यांसमोर तुझ्याकडं बोट केलं. दोन दिवस तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता, तुला काही आठवेना. तू खाली मान घातलीस. आठ दिवसांत पान्यांची पेटी माझ्याकडं टाकून तू नांदेडला गेलास.

गेल्या महिन्यात मी तीच जीप केली, वीतभर. पूर्ण झाल्यावर कौतुकानं कशिशला दाखवली. तिनं केसातली पिन काढून एकेक वायर मोजली, मग भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, की भिंतीवर १-३-४-२ आहे, तर गाडीत १-२-४-३ का? मीही पुन्हा एकेक वायर मोजली. मी डावखुरा, माझा हात उलटा फिरतो. भिंतीवरचे आकडे तू माझ्यासाठीच लिहिले होतेस आणि एरवी माझ्या मागून वायरी तपासायचास. त्या दिवशी तू पाणी आणायला गेला होतास. मधल्या दोन वायरी माझ्या होत्या, जहांगीर. आज कळलं म्हणालो तर खोटं होईल. शंका मला औशातच आली होती. मी गप्प बसलो, आणि गप्प बसायचीही सवय होते.

कशिशला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस अबोला धरला, बरोबरच केलं. मग रविवारी औशाला गेलो. बोट चारचौघांत केलं होतं, कबुलीही तिथंच द्यायची होती. बेत असा, की स्टँडवरच्या हॉटेलवाल्या चन्नबसप्पाच्या कानात हळूच सांगायचं. पण त्याला आता ऐकू येत नाही. तीनदा ओरडावं लागलं, चूक माझी होती, जहांगीरची नव्हती! उभ्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. चन्नबसप्पा शांतपणे म्हणाला, डाव्या हातानं वायरी लावताना मी तुला बघितलं होतं, पण तुम्ही दोघं भावाभावासारखे, उद्या गोड व्हाल म्हणून बोललो नाही. चहाला मात्र दोन कप लावले, एक तुझा म्हणून.

संक्रांतीच्या सुटीला कशिश उद्या घरी येतेय, हे पत्रही तिच्याच हाती देतोय. तिच्या पिशवीत चपलेच्या खोक्यात ती जीप आहे, सोबत माझा बारका चिमटा. माफी मागायला तोंड नाही, म्हणून हात पाठवतोय. पहिली आणि चौथी वायर लावलेली आहे. दोन नंबरची आणि तीन नंबरची मी उपटून सुटी ठेवलीय, कागदाच्या पुडीत. त्या तू लाव. तुझ्या हातानं, लेकीसमोर. लावून झाल्या की फोन कर. या खेपेला मागून तपासायला मी येतो.

तुझाच डावखुरा,
वैजनाथ